पानं मोजणारी नोना

नोना टॅकेटच्या घरात जाड पुस्तकाची धडगत नव्हती. तिचा नवरा हार्लन ट्रकच्या दुरुस्तीचं पुस्तक ट्रकच्याच सीटखाली दडवून ठेवायचा. एकदा तो ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरला आणि दाढी करून परत येईपर्यंत त्याचे तीन तुकडे झाले होते. इंजिन निळ्या स्पायरलमध्ये, ब्रेक लाल स्पायरलमध्ये आणि उरलेलं सगळं हिरव्यात.

“बघ, आता कसं टेबलावर सपाट पडतं,” नोना म्हणाली.

“अगं, मी ते टेबलावर वाचतच नाही. मी ट्रकखाली उताणा पडून वाचतो.”

“मग छातीवर सपाट पडेल. तुझी छाती काय टेबलापेक्षा लहान आहे?”

यावर हार्लनने कॉफी ओतून घेतली. अशा वेळी कॉफी ओतून घ्यायची असते, हे तो संसारात फार लवकर शिकला होता.

हे वेड तिला थोरल्या मुलीच्या वेळी लागलं. नोनाने पाचही मुलं घरीच शिकवली. मिसुरीच्या या दक्षिण कोपऱ्यात, ओझार्कच्या डोंगरांत, त्याचं कुणाला नवल नाही. शाळेची पिवळी बस दारावरून अर्धी रिकामी जाते आणि आत ओटमीलच्या वाडग्याशेजारी कुणीतरी भागाकार करत असतं. पण घरी शिकवायची पुस्तकं जे छापतात, त्यांनी जन्मात कधी घरी शिकवलेलं नसावं. गणिताचं पुस्तक विटेएवढं जाड, पाठ गोंदाने घट्ट चिकटवलेली. उघडलं की मिटतं, दाबलं की उसळतं. नोनाने त्यावर मधाची बरणी ठेवून पाहिली, इस्त्री ठेवून पाहिली, धाकट्याला बसवून पाहिलं. शेवटी एका सकाळी कडेवर एक रडतंय, टेबलाशी दोघं भांडतायत आणि पुस्तक पुन्हा मिटलंय, अशा अवस्थेत तिचा धीर सुटला. तिने पाव कापायची सुरी घेतली आणि पुस्तकाची पाठ सोलून काढली. पोरं भीतीने गप्प झाली. पानं टेबलावर शहाण्यासारखी पडून राहिली आणि त्या घरात पहिल्यांदाच शांततेत भागाकार झाला.

पुढे शेजारच्या गावातला छापखाना बंद पडला, तेव्हा तिथलं कागद कापायचं मोठं पातं तिने उचलून आणलं. मागोमाग भोकं पाडायचं यंत्र आलं, रंगीबेरंगी प्लॅस्टिकची स्पायरलं आली, आणि हार्लनचा ट्रक गॅरेजमधून कायमचा अंगणात गेला. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात घरी शिकवणाऱ्या आयांचा गट जमायचा. एक आई सगळ्यांच्या मुलांना चित्रकला शिकवणार, दुसरी लॅटिन, तिसरी बेडूक कापून दाखवणार. ऑगस्ट आला, नवं शालेय वर्ष तोंडावर आलं, की याच आया खोकी घेऊन नोनाच्या दारात. ती शिक्षकाचं जाडजूड पुस्तक चार भागांत कापून द्यायची, डावखुऱ्या मुलाला स्पायरल वरच्या कडेला घालून द्यायची आणि वात्रट मुलाच्या पुस्तकातली उत्तरांची पानं काढून गुपचूप आईच्या हातात द्यायची. कोण वात्रट ते तिला सांगावं लागत नसे. बदल्यात जे मिळेल ते घ्यायची: अंडी, मुरंबा, एकदा एक जिवंत टर्की.

एक गोष्ट मात्र ती कधी करत नसे. ती पुस्तकं वाचत नसे. “शिंप्याने गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घ्यावं, पोटात काय आहे ते विचारू नये,” असं तिचं म्हणणं. त्यात शहाणपण होतं. त्या तळघरात कुणाचं पुस्तक बायबलच्या हिशेबाने पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं सांगायचं, कुणाचं कोट्यवधी, आणि दोन्ही पुस्तकांच्या मालकिणी एकाच टेबलावर एकमेकींना बटाट्याचं सॅलड वाढायच्या. नोनाच्या पात्याला सगळी पुस्तकं सारखी. “मी पानं मोजते, वाचत नाही,” ती ऐटीत सांगायची. खरं म्हणजे थोरलीच्या वेळी तिने प्रत्येक पुस्तक वाचलं होतं, मधल्यांच्या वेळी नुसती उत्तरं, आणि शेंडेफळाच्या वेळी तेही थोरल्यांवर ढकललं होतं. पाच मुलांच्या आईला कोण बोलणार?

मग शेंडेफळही शिकून बाहेर पडलं. वेल्डिंगचं काम शिकायला ते दूरच्या शहरात गेलं आणि नोनाच्या टेबलावर एकही पुस्तक उरलं नाही. उरला तो गुरुवार. चर्चच्या तळघरातली ती जळकी कॉफी, पोरांचा गोंगाट, “मिस नोना, माझं स्पायरल निघालं” म्हणत धावत येणारं कुणीतरी. बाकीचा आठवडा ती या गुरुवारच्या जिवावर काढायची. तसं तिने हार्लनला एकदा बोलूनही दाखवलं. “गुरुवार गेला तर माझ्याकडे राहतं काय? तू आणि फ्रीजर.”

“फ्रीजर चांगला आहे,” हार्लन म्हणाला.

आणि नेमकी त्या गुरुवारवरच गदा आली. एप्रिलमध्ये गटाची सूत्रं ब्रिएल नावाच्या नव्या, तरुण आईकडे आली. पोरगी कामाची, पण नियमांची भारी हौशी. ज्या घरातलं कुणीही गटात शिकत नाही, ते घर सभासद राहू शकत नाही, हा कुणीच न पाळलेला नियम तिने शोधून काढला आणि मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या वर्षीची नावं मेच्या शेवटच्या गुरुवारी ठरणार होती.

“कुणा एकीबद्दल नाही हं हे,” ब्रिएल कॉफीच्या किटलीकडे बघत म्हणाली. बाकी सगळ्या जणी नोनाकडे बघत होत्या.

“तुला कशाला कोण काढतंय?” शार्लीन ग्रिग्जबी तिच्या कानाशी पुटपुटली. शार्लीन म्हणजे चर्चच्या कारभारात पाद्र्याला मदत करणाऱ्या डीकनची बायको. तिच्या शब्दाला वजन होतं. “पुस्तकं कोण बांधणार मग? तुझ्या हातून आजवर एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही.”

नोनाला तेवढाच आधार वाटला. आता आपलं मूल गटात नाही, पण आपल्या हाताला चूक नाही. एवढ्या भांडवलावर आपण तरून जाऊ, असं मनाशी म्हणत ती घरी आली आणि बरं वाटावं म्हणून गॅरेज साफ करायला घेतलं. मोठा फ्रीजर भिंतीपासून ओढला तर मागे एक पान. पान एकशे सतरा, पाठीमागे एकशे अठरा.

नोना मटकन खोक्यावर बसली. तिला गेला ऑगस्ट आठवला. त्या दिवशी भूशास्त्राची दोन पुस्तकं पाठ कापून शेजारी-शेजारी ठेवलेली. एक शार्लीनचं, एक टॅमझिन ओडेलचं. टॅमझिन ही ओरेगॉनहून आलेली, शेळ्या पाळणारी, चर्चमध्ये फक्त गुरुवारी आणि तेही तळघरातच उतरणारी. दोन्ही पुस्तकं एकाच आकाराची, काळीपांढरी, दोन्हींत सारख्याच जागी दगडांचे धडे. तेवढ्यात हार्लनने बाहेरून गॅरेजचं दार वर केलं, वादळाआधीचा वारा आत घुसला आणि मधल्या तीन धड्यांची पानं चौफेर उडाली. नोना गोळा करणार, तर आत चुलीवर वर्षभर टिकवायच्या फरसबीच्या बरण्या प्रेशरच्या भांड्यात होत्या आणि त्या भांड्याला सोडून जाणं म्हणजे छताला भोक पाडून घेणं. “तू लाव!” ती नवऱ्यावर ओरडली आणि आत पळाली. हार्लनने पानं लावली. जशी तो खिळ्यांची वर्गवारी करतो तशीच लावली: एक आकडा या गठ्ठ्यात, तोच आकडा त्या गठ्ठ्यात. नोनाने येऊन विचारलं, “सगळी आहेत?” हार्लन म्हणाला, “आहेत की.” बाईने भोकं पाडली, स्पायरल घातलं आणि पुस्तकं देऊन टाकली.

आता तिने हार्लनपुढे ते पान धरलं. “हे काय?”

“मिळालं का?” हार्लन आनंदाने म्हणाला. मग तिचा चेहरा बघून तो कॉफी ओतायला वळला.

पान कुणाचं हे कळायला आता वाचणं भाग होतं. किती वर्षांनी तिने दुसऱ्याचं पुस्तक वाचलं कोण जाणे. पानावर बायबलातल्या नोहाचा महापूर होता आणि त्या पुराने डोंगर कसे रचले ते होतं. म्हणजे शार्लीनचं. एवढंच असेल तर गुपचूप ओवून टाकू, असं ठरवून पुढच्या गुरुवारी ती तळघरात शार्लीनच्या मुलीच्या, किझायाच्या, पाठीमागे जाऊन उभी राहिली. किझायाचं पुस्तक टेबलावर उघडं होतं. नोनाने बांधलेलं पुस्तक. कसं अगदी सपाट पडलेलं, चार हातांवरूनही वाचता येईल असं. पान एकशे सोळा. तिथे लिहिलं होतं की आपल्या ओढ्याकाठचा चुनखडीचा दगड तेहेतीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

मराठी कानाला तेहेतीस कोटी म्हटलं की देव आठवतात. नोनाला डीकन आठवला. रॉइस ग्रिग्जबी बोलायला मृदू माणूस, पण पृथ्वीच्या वयाचा विषय निघाला की त्याची मान लाल व्हायची. त्याच्या घरात, त्याच्या जेवणाच्या टेबलावर, त्याच्याच मुलीच्या हातात तेहेतीस कोटी वर्षं घालणारी बाई कोण? नोना टॅकेट. आणि तिकडे टॅमझिनच्या पुस्तकात महापूर शिरला असणार. टॅमझिनला वाटायचं, चर्चवाल्यांनी मागच्या दाराने धर्मप्रचार चालवलाय. 

आता एकच उपाय होता. दोन्ही पुस्तकं एका दिवसासाठी हातात यायला हवीत, की पानं अदलाबदल करून काम फत्ते. तिने त्याच गुरुवारी मोठ्याने जाहीर केलं: “यंदा सगळ्यांची स्पायरलं मी नवी घालून देते! जुनी सैल झालीत.”

जुनी मुळीच सैल झाली नव्हती. पण फुकट म्हटल्यावर कोण थांबतंय? पुढच्या आठवड्यात तिच्या अंगणात गाड्यांची रांग लागली. खोकीच्या खोकी आली. जिने पाच वर्षांपूर्वी गट सोडला होता तीसुद्धा पाककृतींची दोन पुस्तकं घेऊन आली. नोनाची बोटं सुजली. आली नाहीत ती फक्त दोन पुस्तकं.

“आमचं छान आहे गं,” शार्लीन घाईने म्हणाली. “सपाट पडतं, आणखी काय हवं?”

“आमचंही,” टॅमझिन म्हणाली आणि पुस्तक चक्क स्वेटरखाली घालून गाडीकडे गेली.

आपण पकडले गेलो आहोत की अजून नाही, हेच नोनाला कळेना. रात्री तिने हार्लनला विचारलं, “कबूल करून टाकू का?”

“कर.”

“मग मला ठेवतील का?”

हार्लनने दिवा मालवला. “नाही केलंस तरी झोपणार नाहीसच,” तो म्हणाला. त्याच्या मानाने ते मोठं भाषण होतं.

मेचा शेवटचा गुरुवार आला. या दिवशी मुलं वर्षभरात काय शिकली ते मांडून दाखवतात, आणि बाप लोकही कामं सोडून येतात, कारण जेवण असतं. मक्याचा पाव, भरलेली अंडी, गोड गार चहाचं पिंप. नोना पर्स मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसली. पर्समध्ये दोन पुठ्ठ्यांच्या मधे ते पान होतं. भर सभेत कबुली द्यायची तिची तयारी नव्हती. मुलं बोलून झाली की शार्लीनला बाजूला घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

मग किझाया ग्रिग्जबी आणि टॅमझिनचा मुलगा आल्डर एकत्रच पुढे आले. दोघांच्या मधे एकच खोकं, त्यात ओढ्यातले दगडी मणी: गोल, मधे भोक असलेले, कुठल्यातरी प्राचीन सागरी जिवाच्या देठाचे दगड झालेले तुकडे.

“हे आम्हाला आल्डरच्या शेळ्यांच्या गोठ्यामागे सापडले,” किझाया खणखणीत आवाजात म्हणाली. “त्यांच्या पुस्तकात म्हटलंय, हे तेहेतीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.”

“यांच्या पुस्तकात म्हटलंय, हे महापुरात आले,” आल्डर म्हणाला.

“आम्ही दोघं म्हणतो, ओढ्यात अजून खूप आहेत.”

कुणीतरी हसलं. रॉइसची मान लाल झाली. ब्रिएलने भुवया उंचावल्या. “पण किझाया, तू त्यांचं पुस्तक कुठे वाचलंस?”

“आमच्याच पुस्तकात. आमच्यात त्यांची पानं आहेत ना, आणि त्यांच्यात आमची. म्हणून तर आम्ही मंगळवारी एकत्र बसतो. फक्त एकशे सतरा एकच आहे. दुसरं कुठे गेलं कुणालाच माहीत नाही.”

 आता बाजूला घ्यायला काही उरलं नव्हतं. नोना उठली.  तिने पर्स उघडली, पुठ्ठ्यांमधून पान काढलं आणि म्हणाली, “दुसरं हे. माझ्या फ्रीजरमागे होतं. पानं उडाली, आणि मी न बघता बांधली. चूक माझी आहे, मुलांची नाही.”

हार्लन कोपऱ्यातून म्हणाला, “लावली मी होती.”

“तू गप्प बस.”

“फ्रीजरमागे!” टॅमझिन ओरडली. “शार्लीन, अगं फ्रीजरमागे! आपण नोव्हेंबरपासून शोधतोय!”

नोनाने हातातलं पान खाली केलं. “नोव्हेंबरपासून? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“बाई, आम्ही पुस्तकं वाचतो,” शार्लीन म्हणाली. “पहिल्यांदा मी हिच्या घरी भांडायला गेले होते. मला वाटलं, हिनेच पानं घुसवली.”

“आणि मला वाटलं हिने,” टॅमझिन म्हणाली. “दोघी आपापली पुस्तकं नाचवत दारात उभ्या. मग आकडे बघितले आणि दोघींना एकदमच तुझी आठवण झाली.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू ते पातं विकून घरात दार लावून बसली असतीस. मी काय तुला आज ओळखते?” शार्लीन म्हणाली. “स्पायरलं बदलायला निघाली होतीस तेव्हा आमची पाचावर धारण बसली. पानं परत जागेवर गेली असती तर मंगळवारी मी कुठल्या तोंडाने हिच्याकडे गेले असते?”

“मंगळवारी?” मागून रॉइस म्हणाला. “तू तर म्हणाली होतीस, तिला मार्गावर आणायला जाते.”

“जातेच. ओढ्याकडे जायचा मार्ग फार निसरडा आहे.”

हसण्याने तळघर दणाणलं. रॉइससुद्धा हसला, उशिरा, पण हसला. नोनाला मात्र हसता येईना. ज्या गोष्टीपायी ती महिनाभर झोपली नव्हती, ती या दोघींनी हिवाळाभर तिच्यापासून सांभाळून ठेवली होती, आणि का, तर ती जाऊ नये म्हणून. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

ब्रिएलने नियमांचा कागद उघडला. बिचारीच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण नियम हातात होता. “मिस नोना, मला मनापासून वाईट वाटतं. पण त्या घरातलं कुणीतरी शिकणारं हवं...”

“कुणीतरी शिकणारं,” शार्लीन म्हणाली. “वय लिहिलंय का त्यात?”

ब्रिएलने कागद वर-खाली पाहिला. वय नव्हतं.

“मग लिही. नोना टॅकेट. विषय भूशास्त्र, इयत्ता पाचवी. ही बाई इतकी वर्षं आमची पुस्तकं कापतेय आणि वाचलेलं एकही नाही. या तळघरात हिच्याइतकी शिक्षणाची गरज कुणाला आहे सांग बघू?”

“पण शार्लीन, मी एकोणसाठ वर्षांची आहे,” नोना डोळे पुसत म्हणाली.

“तेहेतीस कोटींपुढे ते काहीच नाही,” टॅमझिन म्हणाली.

“आणि सहा हजारांपुढेही,” रॉइस घाईने म्हणाला.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी नोना तळघरात किझाया आणि आल्डरच्या मधे, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसली. तिच्यापुढे तिचं पुस्तक होतं. ते तिने बांधलं नव्हतं. ती बहिणीकडे गेली असताना शार्लीन आणि टॅमझिन तिच्या गॅरेजात शिरल्या होत्या आणि हार्लनने त्यांना यंत्र चालवून दाखवलं होतं. दोन्ही पुस्तकांच्या नव्या प्रती कापून त्यांनी एकच केलं होतं: एक पान शार्लीनच्या पुस्तकातलं, एक टॅमझिनच्या, शेवटपर्यंत. भोकं वाकडी पडली होती, स्पायरल टोकाला पिळवटलं होतं, कडा तर उंदरांनी कुरतडाव्यात तशा. नोनाचे हात शिवशिवले. तिने सवयीने पानं मोजायला अंगठा लावला.

“मिस नोना,” किझाया कुजबुजली, “मोजायचं नाही.”

नोनाने अंगठा काढला. पहिलं पान उलटं बांधलेलं होतं. तिने पुस्तक फिरवून घेतलं आणि वाचायला लागली.